गप्प नटीच्या तोंडी घातलेलं वाक्य

संपादकसाहेब म्हणाले, "गौरक्का, तुम्ही जन्मभर सिनेमे बघितले. एखाद्या डायरेक्टरच्या सिनेमांतल्या तुम्हाला आवडलेल्या भूमिकांवर लिहा की." लिहिते, पण एक आधीच सांगते. मी आयुष्यात एकही सिनेमा सरळ बसून बघितलेला नाही. सोलापुरातल्या एका टॉकीजमध्ये बायकांच्या वर्गाची डोअरकीपर होते मी. माझं स्टूल डाव्या भिंतीला, पडद्याजवळ. तिथून पडदा तिरपा दिसतो आणि भल्या गोल तोंडाचा नटसुद्धा लांबुळका दिसतो. पुढं म्हातारपणी टीव्हीवर तीच माणसं बघितली तेव्हा मला वाटलं, अगं बाई, हे सगळे सुजले की काय!

आता डोअरकीपर म्हणजे काय ते ज्यांनी मोबाईलवरच सिनेमे बघितले त्यांना सांगायला हवं. त्या काळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, बायकांचा वर्ग वेगळा असायचा. खाली डावीकडं, मध्ये लाकडी कठडा, बसायला बाकं. दारात उभं राहून तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून घ्यायचा, अंधारात बॅटरी मारून जागा दाखवायची, भांडणं लागली तर सोडवायची. पदर बाकाच्या खिळ्यात अडकला की हाक मला, तान्हं रडायला लागलं की हाक मला. पोराला घेऊन मी व्हरांड्यात फेऱ्या मारायची आणि त्याची आई आत दुसऱ्याच कुणाच्या पोरासाठी डोळे पुसत बसायची. शुक्रवारी दुपारी बाराचा खेळ फक्त बायकांचा. त्या दिवशी बाहेर चपलांचा असा ढीग पडायचा की विचारू नका.

पण मालकांनी मला ठेवून घेतलं ते वेगळ्याच कामासाठी. माझं माहेर दुधनीचं, घरात कन्नड. लग्न होऊन भवानी पेठेत आले तर शेजारीपाजारी सगळे विणकर, त्यांची तेलुगू. आणि शाळा सातवीपर्यंत मराठी. आमच्या वर्गातल्या निम्म्या बायका विड्या वळणाऱ्या तेलुगू, थोड्या अक्कलकोटकडच्या कन्नड. बाजारापुरतं मराठी त्यांना यायचं, पण पडद्यावर भराभर बोललेलं कळायचं नाही. मग स्टुलावरून मी सांगायची. हिरो बोलला की त्याच्या मागोमाग तेलुगूत एक वाक्य, कन्नडमध्ये अर्धं. "एमन्नदी अक्का?" म्हणजे काय म्हणाली ती, असं बाकांवरून विचारलं की माझं उत्तर तयार. मराठी बायकांनी सुरुवातीला तक्रारी केल्या, नंतर त्यांनाही सवय झाली. एक जण तर म्हणाली, "अक्का, तुमचं ऐकल्याबिगर मला सिनेमा अळणी लागतो." असं कुणी म्हटलं की माणूस चढतं, मीही चढले.

आता तो डायरेक्टर. नाव लिहीत नाही, कारण टॉकीजमध्ये ते नाव कुणी घेतच नसे. आम्ही सगळे त्याला मुकेसाहेब म्हणायचो. त्याच्या सिनेमात गाणी दोन, मारामारी नाही आणि माणसं बोलायची फार कमी. नवीन सिनेमा मुकेसाहेबांचा आहे असं कळलं की आमचा ऑपरेटर कपाळावर हात मारायचा. तो म्हणायचा, "गौरक्का, ह्या माणसाला बोललेलं महाग पडतंय का काय?" आणि तरीही बायकांच्या जोरावर त्याचे सिनेमे आमच्याकडं पाच पाच आठवडे चालले. नावं कुणाच्या लक्षात राहत नसत. एक टांग्याचा सिनेमा, एक कंपाउंडरचा, एक दाराचा. मीही तीच नावं वापरते.

टांग्याच्या सिनेमात एक म्हातारा नट होता. त्याचा घोडा मरतो. रडणं नाही, पडणं नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीनं गवताची पेंढी घेऊन तबेल्यात येतो आणि मोकळ्या खुंटासमोर उभा राहतो. एखाद्या नटानं तिथं हंबरडा फोडला असता. हा पेंढी नेहमीच्या जागी ठेवतो आणि दोन पावलं मागं सरतो. मागं का सरतो ते मला वीस-पंचवीस खेळांनंतर कळलं. घोडा खायला तोंड पुढं घालतो ना, त्याला जागा करून देतोय! हे त्याला कुणी शिकवलं असेल का? मला नाही वाटत. त्या म्हाताऱ्याला मी अजून मनातल्या मनात नमस्कार करते.

कंपाउंडरच्या सिनेमात तर मुकेसाहेबांनी कमालच केली. एका नावाजलेल्या विनोदी नटाला घेतलं. तो पडद्यावर आला की बायका हसायला सुरुवात करायच्या, त्यानं तोंड उघडायच्या आधीच. दवाखान्यात तो बाटलीत औषध ओततोय, समोर एका आजारी मुलाची आई. डॉक्टरनं आत सांगितलेलं असतं की आता उपयोग नाही. हा बाटलीवर डोसाच्या कागदी खुणा चिकटवतो, दिवसातून तीनदा द्या म्हणतो आणि हसतो. नेहमीचंच ते हसू, दात दाखवणारं. पहिल्या खेळाला त्यावर वर्गात हशा पिकला आणि मध्येच असा विरला की मला पंख्याचा आवाज ऐकू आला. बाई निघून जाते तरी त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलेलं असतं, त्याला ते मिटवता येत नाही. त्यानंतर त्या नटाच्या विनोदी सिनेमांनाही मी पोट धरून हसले, पण आदरानं हसले.

आमच्या बायका अभिनय कशावरून पारखायच्या तेही सांगते. रडण्यावरून नाही. हातावरून. पडद्यावरची बाई भाकरी थापायला बसली की सगळ्यांच्या माना पुढं. एकदा मंगळवेढ्याची एक बाई भर खेळात म्हणाली, "हिच्या बापजन्मी हिनं भाकरी केली न्हाई. पीठ मळलंच न्हाई नीट, फाटणार बघा." ती हिरॉइन मोठी होती, पण आमच्या वर्गातून तिची पत गेली ती गेली. मुकेसाहेबांची नटी मात्र या परीक्षेत पहिली यायची. दाराच्या सिनेमात तिनं फुटाणे भाजणाऱ्या बाईचं काम केलं होतं. तापलेली वाळू चाळताना ती तोंड बाजूला करायची आणि डोळे अर्धे मिटायची, बरोब्बर. तीच मंगळवेढेकरीण म्हणाली, "ही आपल्यातली हाय." याच्यापेक्षा मोठा पुरस्कार नाही.

आता माझी चूक. दाराच्या सिनेमाचीच आहे.

गोष्ट साधी. नवरा बायकोला आणि लहान मुलीला टाकून शहरात जातो. ती फुटाण्याची भट्टी चालवून मुलीला वाढवते. पुष्कळ वर्षांनी एका दुपारी तो दारात येऊन उभा राहतो. ती बघते. मागं वाद्य नाही, गाणं नाही. आत जाते, तांब्याभर पाणी आणते, त्याला देते. तो पितो. ती तांब्या घेते. मग तिचा चेहरा आणि संपला सिनेमा. एक शब्द नाही.

पहिल्या खेळाला बाकांवरून पाच-सहा जणी एकदम, "एमन्नदी अक्का? एमन्नदी?"

मी काय सांगणार? काही म्हणाली नाही, असं सांगायला माझी जीभ धजेना. वर्गातल्या बायका म्हणाल्या असत्या, अक्कालाच कळलं नाही. मग मी भरून टाकलं. तेलुगूत म्हटलं, "ती म्हणते, झालं गेलं विसरले मी. आत या." बायकांना वाटलं, ती हळूच पुटपुटली असेल, अक्काच्या कानानं पकडलं; त्यांनी सुस्कारे सोडले, डोळे पुसले, तृप्त होऊन घरी गेल्या. मला वाटलं, मुकेसाहेबांनी सोडलेली जागा आपण काय झकास भरली! दुसऱ्या खेळापासून मी त्यात आणखी एक वाक्य घातलं, "मुलगी तुमची वाट बघतीय." तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझं चांगलं भाषण झालं होतं.

त्या सिनेमाला नरसव्वा रोज यायला लागली. विड्या वळायची, वय तिशीच्या आतबाहेर, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं राहायची. कारखान्यात विड्या देऊन ती तशीच यायची, अंगाला तंबाखूचा वास, तिसऱ्या बाकावर कडेला बसायची. तिचा नवरा मागावर काम करायचा, तो नऊ वर्षांपूर्वी भिवंडीला गेला आणि तिथंच त्यानं दुसरं घर केलं. हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. मला वाटायचं, दुःख सारखं आहे म्हणून येत असेल बिचारी.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी खेळ सुटल्यावर ती थांबली. मला म्हणाली, "अक्का, त्याचा निरोप आलाय. रविवारी येतोय. तिकडचं घर मोडलं म्हणे. आमच्यातले थोरले म्हणतात, घरात घे. माझं मन ठरत नव्हतं. म्हणून रोज येऊन बघत होते, ही काय करते."

"मग?"

"हिनं घेतलं की. एवढं सोसून घेतलं. मग मी कोण मोठी लागून गेले? मीही घेते."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. लाज वाटते लिहायला, पण खरं ते सांगते, मला अभिमान वाटला. चहाच्या टपरीवर मी चार जणींना सांगितलं, बघा, आपल्या सांगण्यानं एक संसार जुळतोय.

गुरुवारी माझा घसा बसला. तीन तीन खेळ बोलायचं, त्यात थेटरातली धूळ. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या, पण शुक्रवारी सकाळी तोंडातून नुसती हवा. बाराचा खेळ बायकांचा, सगळं थेटर भरलेलं. मी स्टुलावर बसून खुणेनं सांगितलं, आज नाही. बाकांवरून कलकलाट, "बोला की ओ अक्का! एनंताळ री?" कन्नडवाल्याही ओरडल्या, काय म्हणते ओ ती, म्हणून. करणार काय? थोड्या वेळानं आपोआप शांत झाल्या आणि पडद्याकडं बघत बसल्या.

मीही बघत बसले. दाराच्या सिनेमाचा शेवट एवढ्या खेळांत पहिल्यांदाच नीट. कारण दरवेळी मी बोलायची म्हणजे तोंड बायकांकडं आणि पडद्याकडं पाठ. शेवटच्या प्रसंगाला तर भाषण ठोकायचं असल्यामुळं माझं पूर्ण लक्ष कोण रडतंय तिकडं.

तो दारात येतो. ती येते. आणि मला दिसलं की आल्या आल्या तिनं डावा हात चौकटीवर ठेवलाय. दाराच्या आडवा. तो पायातल्या वहाणा काढतो, आत यायचं म्हणून. ती त्याच्या तोंडाकडं बघतच नाही, त्या काढलेल्या वहाणांकडं बघते. आत जाऊन पाणी आणते, उजव्या हातानं देते आणि डावा हात परत चौकटीवर. तो पाणी पितो तोवर तो हात हलत नाही. तांब्या घेतानाही हलत नाही. मग तिचा चेहरा. राग म्हणावा तर नाही. दुःखही नाही. तहानलेल्याला पाणी दिलं, बस. तो तसाच अनवाणी उभा.

अगं आई गं! काय बाई होती ती! एका हातानं पाणी देत होती आणि दुसऱ्या हातानं नाही म्हणत होती, आणि दोन्ही खरं. असला अभिनय मी त्याआधी बघितला नव्हता, नंतर बघितला नाही. आणि त्याच्यावर मी चार आठवडे माझं कीर्तन लावलं होतं. वर्गात कुणीही विचारलं नाही, एमन्नदी म्हणून. सगळ्यांना कळलं होतं.

दिवे लागले. नरसव्वा कठड्यापाशी आली. तिचा चेहरा मला आजही दिसतो.

"अक्का, ती काहीच म्हणाली नाही की."

मी नाही म्हणून मान हलवली.

"आत या म्हणाली नाही?"

मी पुन्हा मान हलवली. 

"मग तुम्ही का सांगितलं? मी थोरल्यांना होकार देऊन आले, अक्का. परवा येतोय तो." एवढं म्हणाली आणि गर्दीत निघून गेली. मी स्टुलावर बसून राहिले, पुढच्या खेळाच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या तरी.

शनिवार कसा गेला माझं मला ठाऊक. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन आले, पुढं जायचं धाडस झालं नाही. रविवारी सकाळी तिची मुलगी, अकरा-बारा वर्षांची, माझ्या दारात. "आईनं बोलावलंय. लगेच या म्हणाली." मी पदर घट्ट केला आणि निघाले. घसा अर्धाच सुटला होता.

नरसव्वाच्या खोलीत त्यांच्यातले तीन थोरले बाजेवर बसलेले. खुर्चीवर गुरुजी, मुलीच्या शाळेचे हेडमास्तर. मराठी माणूस, सरळ, पेठेत त्यांचा शब्द अखेरचा मानायचे, म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांना बोलावलेलं. आणि भिंतीशी ट्रंकेवर नवरा. मी त्याला तरणाबांड बघितला होता. आता गालफडं आत गेलेली, हात गुडघ्यात धरून बसलेला. खोटं कशाला बोलू, मला त्याची कीव आली.

गुरुजी म्हणाले, "नरसव्वाबाई, तुम्ही हो म्हटलं होतं असं हे सांगतात. आता पुन्हा एकदा माझ्यासमोर सांगा, म्हणजे विषय संपला."

नरसव्वा तेलुगूत बोलायला लागली. खाली बघून, सावकाश, पण थांबली नाही. बोलणं झालं तसं थोरल्यांपैकी एक जण गुरुजींकडं वळून म्हणाला, "म्हणजे तिचं म्हणणं असं हाय की—"

"तुम्ही नको," नरसव्वा मराठीत म्हणाली. "अक्का सांगतील."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन दिवसांपूर्वी मी खोटी ठरले होते हिच्यासमोर. आणि त्या खोलीतल्या सगळ्यांना सोडून हिनं मलाच बोलावलं. 

मी सांगितलं. घसा फाटत होता तरी एकेक वाक्य तिचंच. "ती म्हणते, मी हो म्हटलं ते चुकून. ती म्हणते, हा भुकेला आला तर जेवायला घालीन. आजारी पडला तर दवाखान्यात नेईन. मुलीला भेटायला कधीही यावं, तिचा बाप आहे. पण नवरा म्हणून घरात नको. ती म्हणते, मला राग नाही. राग होता तोपर्यंत मी वाट बघत होते. आता वाट बघत नाही."

 नवऱ्यानं तोंडावरून हात फिरवला. थोरले एकमेकांकडं बघायला लागले. गुरुजी भला माणूस, त्यांनाही सगळ्यांचीच दया येत होती. ते पुढं वाकून मला म्हणाले, "बाई, नीट विचारून सांगा. सध्या नको, असं म्हणतायत ना त्या? म्हणजे चार-सहा महिन्यांनी, मन शांत झाल्यावर बघू. असंच ना?"

ट्रंकेवरच्या माणसानं मान वर केली. थोरल्यांचे चेहरे सैल झाले. एक शब्द घातला की सगळे मान राखून घरी जाणार होते. तो बापडा आशेवर राहिला असता, थोरल्यांची शोभा राहिली असती, मुलीची मान खाली गेली नसती. देवाशपथ सांगते, माझ्या जिभेवर आला होता तो शब्द. जन्मभर तेच केलं होतं मी. मी नरसव्वाकडं बघितलं. तिला गुरुजींचं मराठी कळलं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"नाही गुरुजी," मी म्हणाले. "सध्या, असं ती म्हणाली नाही."